स्नायूच्या बायोप्सीचा रिपोर्ट : या चुका टाळा

बायोप्सी म्हटलं की घरच्यांना आधी कॅन्सरच आठवतो. स्नायूची बायोप्सी बहुतेक वेळा त्यासाठी नसतेच, कमजोरीचं कारण शोधण्यासाठी असते. खरं नुकसान होतं ते रिपोर्ट आल्यावरच्या घाईनं.

दाहाच्या पेशी दिसल्या म्हणजे पॉलिमायोसायटिस (स्नायूंना दाह होण्याचा, स्टेरॉइड दिलं जातं असा आजार), ही चूक सगळ्यांत महागात पडते. एक विशीतला मुलगा आला होता. चवड्यांवर उभं राहता येत नव्हतं, पोटऱ्या बारीक झालेल्या, सीपीके (स्नायूंची इजा दाखवणारी रक्ततपासणी) हजारांत. रिपोर्टमध्ये 'इन्फ्लमेशन' वाचून कुणीतरी स्टेरॉइड सुरू केलं आणि कमजोरी वाढली की डोसही वाढवला. चेहरा सुजला, साखर चढली, जिना चढणं थांबलं. मायोसायटिसची, म्हणजे स्नायूदाहाची, सुरुवात सहसा मांड्या आणि खांद्यांपासून होते, पोटऱ्यांपासून नव्हे. एवढं एक कुणी थांबून पाहायला हवं होतं. गोठवून ठेवलेल्या त्याच तुकड्यावर डिस्फर्लिन या स्नायूतल्या प्रथिनाचा स्टेन (रंग देऊन तपासणी) केला, तर प्रथिन गायब! जीन टेस्टनं शिक्कामोर्तब झालं. हा आनुवंशिक आजार, त्यावर स्टेरॉइडचा उपयोग नाही. पन्नाशीनंतर बोटांची पकड सुटत असेल, मांड्या आटत असतील, तर इन्क्लुजन बॉडी मायोसायटिस या स्टेरॉइडला दाद न देणाऱ्या आजाराबाबत हाच घोळ होतो.

म्हणून रिपोर्ट उघडण्याआधी मी विचारतेच : कुठला स्नायू, त्यात ताकद किती, आधी स्टेरॉइड दिलं होतं का? पार आटलेल्या स्नायूत चरबी आणि व्रणासारखं तंतुमय ऊतकच सापडतं, निदान नाही. मध्यम कमजोर स्नायू निवडावा. ईएमजीची (स्नायूतल्या विद्युत हालचालीच्या तपासणीची) सुई जिथे टोचली, तो स्नायू सोडावा. सुईची इजाही दाहासारखी दिसते.

सगळा तुकडा फॉर्मलिनमध्ये (नमुने टिकवायच्या रसायनात) टाकणं हा शॉर्टकट मला अजिबात खपत नाही. एन्झाइमचे स्टेन त्यावर होतच नाहीत. द्रव नायट्रोजननं थंड केलेल्या आयसोपेंटेनमध्ये तुकडा गोठवायची सोय नसेल, तर पेशंटला ती सोय असलेल्या ठिकाणी पाठवावं.

'टाइप २ अ‍ॅट्रोफी' (एका प्रकारचे स्नायूतंतू बारीक होणं) वाचून घाबरू नका. स्टेरॉइडनं किंवा अंथरुणाला खिळल्यानंही ती होते.

'नॉर्मल' वाचून फाइल बंद करू नका. दाह ठिपक्याठिपक्यांनी असतो, नेमका तोच भाग सुटू शकतो.

लहान मुलात डुशेनचा (स्नायू झिजवणाऱ्या आनुवंशिक आजाराचा) संशय असेल, तर आधी जीन टेस्ट करा. बहुतेकांना मग बायोप्सीची चीर लागतच नाही.

दुसरं मत घ्यायला जाताना नुसता कागद नेऊ नका. स्लाइड मागून घ्या आणि गोठवलेला तुकडा शिल्लक आहे का, ते लॅबला विचारा.