दूरगावची जुनी मोटार पाहायला निघण्यापूर्वी

फियाट, अँबेसिडर किंवा विलीज जीप यांसारखी जुनी गाडी नाशिकमध्ये मनासारखी मिळेलच असे नाही, आणि मग कोइमतूर किंवा कोलकात्याची जाहिरात खुणावू लागते. अशा वेळी तिकीट काढण्याआधी बरीच तपासणी घरबसल्या उरकता येते. तिची सुरुवात गाडीच्या फोटोंपासून न करता कागदपत्रांपासून करावी, असा माझा आग्रह आहे. कारण पत्रा बदलता येतो, इंजिन बांधून घेता येते, पण नोंदणीतला घोळ एकदा गळ्यात पडला की तो निस्तरायला परराज्यातील कार्यालयात खेटे घालावे लागतात.

विक्रेत्याकडून आरसी बुकाच्या प्रत्येक पानाचा स्पष्ट फोटो मागवावा आणि गाडीचा क्रमांक सरकारच्या ‘वाहन’ संकेतस्थळावर किंवा एमपरिवहन ॲपवर टाकून पाहावा. फार जुन्या गाड्यांची नोंद कित्येकदा संगणकावर चढलेलीच नसते. तसे असेल तर मूळ कार्यालयातून ती चढवून घेण्याची जबाबदारी विक्रेत्याची, आणि हे व्यवहारापूर्वीच व्हावे. खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते व पुढे दर ५ वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते, म्हणून मुदतीची तारीख आवर्जून पाहावी. विकणारा आणि आरसीवरील मालक एकच आहे का, हेही पाहावे. मालक हयात असल्यास हस्तांतरणासाठी नमुना २९ व ३० हे अर्ज, निधन झाले असल्यास वारसाच्या नावे हस्तांतरणासाठी नमुना ३१, गाडी राज्याबाहेर नेण्यासाठी नमुना २८ मधील ना-हरकत प्रमाणपत्र आणि कर्जाचा बोजा उतरवायचा असल्यास नमुना ३५ लागतो. हे सारे फोटो घेऊन पेठ रोडवरील प्रादेशिक परिवहन कार्यालयात जावे आणि नाशिकच्या एमएच १५ क्रमांकासाठी काय लागेल व महाराष्ट्राचा कर किती बसेल, हे भाव ठरवण्याआधी विचारून घ्यावे. गाडी ५० वर्षांहून जुनी व मूळ स्वरूपात असेल तर २०२१ च्या नियमांनुसार ‘व्हीए’ मालिकेत व्हिंटेज नोंदणी करता येते, मात्र अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही.

यानंतर चेसिस प्रिंट मागवावा. चेसिसवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर, कोरलेल्या आकड्यांवर पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल घासली की आकडे कागदावर उमटतात. हा कागद आणि आकड्यांचा जवळून, तिरप्या उजेडात काढलेला फोटो, दोन्ही हवेत. आकडे सारख्या खोलीचे व एका ओळीत आहेत का, भोवतालचा पत्रा ग्राइंडरने घासलेला किंवा वेल्डिंग केलेला दिसतो का, हे निरखावे. आरसीशी एक अंक जरी जुळला नाही, तरी गाडी कितीही देखणी असो, बोलणी तिथेच थांबवावीत.

इंजिनाचीही अशीच शहानिशा करावी. जुन्या अँबेसिडरमध्ये १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन असे, तर इसुझू या जपानी कंपनीचे मोठे इंजिन नव्वदच्या दशकात आले. त्यामुळे १९७० सालच्या गाडीत ते आढळले तर ते मागाहून बसवलेले आहे, हे उघड आहे. पेट्रोलच्या जागी डिझेल इंजिन बसवून आरसीवर त्याची नोंद न केलेल्या गाड्याही विकायला येतात. त्या मी स्वस्तातही घेऊ नयेत असे म्हणेन.

आता गाडीचे अंग. प्रीमियर पद्मिनीला, म्हणजे आपल्याकडच्या फियाटला, स्वतंत्र चेसिस नाही, सगळा भार बॉडीच पेलते, म्हणून तिचे बूड गंजले तर तो निव्वळ रंगकामाचा प्रश्न राहत नाही. किनारपट्टीवरून येणाऱ्या गाडीबाबत तर अधिकच सावध असावे. व्हिडिओ कॉलवर पायाखालचे मॅट उचलायला, डिकीतील स्टेपनी काढायला आणि दरवाजांच्या खालच्या कडांवर लोहचुंबक फिरवायला सांगावे. पुट्टीचा थर जाड असेल तिथे चुंबक धरत नाही. इंजिन पूर्ण थंड असताना चालू करण्याचे चित्रीकरण एकसलग मागावे. निळसर धूर टिकून राहिला तर इंजिन ऑइल जाळत आहे, असे समजावे.

एवढे जुळल्यावर त्या गावातील एखाद्या त्रयस्थ मिस्त्रीला पैसे देऊन गाडी पाहायला पाठवावे. मिस्त्री विक्रेत्याने सुचवलेला नसावा. बयाणा द्यायचाच झाल्यास थोडाच द्यावा, आणि चेसिस क्रमांक किंवा कागदपत्रे न जुळल्यास तो परत मिळेल असे पावतीवर लिहून घ्यावे. वर्षानुवर्षे उभी असलेली गाडी चालवत आणण्याचा मोह टाळावा. मुंबईमार्गे येताना कसारा घाटाच्या चढावर जुन्या रेडिएटरचा आणि होजपाइपचा कस लागतो, तेव्हा ट्रेलरचे भाडे आधीच विचारून ते गाडीच्या किमतीत धरूनच भावाची बोलणी करावीत.