नव्या व्यापारी संकुलात गाड्यांची गर्दी सुरू होण्याआधीच कशी थोपवावी

कामाची जागा बदलली की माणूस येण्याजाण्याचा विचार नव्याने करतो, पण तो विचार फार दिवस चालत नाही. पहिल्या काही आठवड्यांत जी सवय लागते, तीच पुढे राहते. म्हणून उपनगरातल्या नव्या संकुलात शटल (स्थानक ते संकुल ये-जा करणारी बस), सायकलस्टँड आणि पार्किंगचे नियम पहिला गाळा उघडेल त्या दिवशी तयार हवेत. ‘निम्मी इमारत भरू दे, मग बस सुरू करू’ असे ठरवले, तर तोवर निम्म्या लोकांनी गाडीची सोय लावलेली असते आणि बस रिकामी धावते.

सुरुवात गाळेधारकांकडून माहिती घेण्यापासून करा. कर्मचाऱ्यांची नावे नकोत. घराचा परिसर आणि येण्याजाण्याची वेळ एवढे पुरे. हे ठिपके नकाशावर मांडले की गट आपोआप दिसतात. दीड किलोमीटरच्या आतले चालत येऊ शकतात, पाच-सहा किलोमीटरपर्यंतचे सायकलने. रेल्वे किंवा मुख्य बसमार्गाजवळ राहणाऱ्यांना शटल लागेल. उरलेल्यांसाठी कारपूल, म्हणजे जवळ राहणाऱ्यांनी मिळून एकाच गाडीतून येणे. सगळ्यांसाठी एकच उपाय शोधत बसू नका.

सगळ्यात जास्त लक्ष पार्किंगकडे द्या, कारण खरा निकाल तिथेच लागतो. एक गाडी उभी राहते साधारण साडेबारा चौरस मीटरमध्ये, पण ये-जा करायचा रस्ता आणि वळणे धरली तर दरगाडी 25 ते 30 चौरस मीटर जागा जाते. सातशे गाड्यांना जवळपास दोन हेक्टर! ही जागा फुकट दिली, तर उत्तम बससेवासुद्धा तिच्यापुढे टिकत नाही. म्हणून भाडेकरारातच पार्किंगचे भाडे गाळ्याच्या भाड्यापासून वेगळे ठेवा. लागतील तेवढ्याच जागा गाळेधारकाने घ्याव्यात, आणि दरवर्षी काही परत करायची मुभा त्याला असावी.

आकारणी रोजची ठेवा. महिन्याचा पास एकदा काढला की पैसे गेलेलेच असतात, मग माणूस ते वसूल करायला रोज गाडी आणतो. रोजचे पैसे असले तर आठवड्यातून दोन दिवस बसने येणाऱ्याचेही दोन दिवसांचे पैसे वाचतात. दुसरा मार्ग म्हणजे पार्किंग न घेणाऱ्या कर्मचाऱ्याला तेवढी रक्कम रोख देणे. कॅलिफोर्नियात 1992 मध्ये नोकरी देणाऱ्या काही मालकांसाठी हे कायद्याने आले. पार्किंगचे अभ्यासक डोनाल्ड शूप यांनी तिथल्या आठ मालकांकडचा परिणाम 1997 मध्ये मांडला: एकट्याने गाडी आणणाऱ्यांचे प्रमाण 76 टक्क्यांवरून 63 टक्क्यांवर आले होते. कुणावरही बंदी न घालता झालेला हा बदल आम्हाला फार मोलाचा वाटतो.

इथे दोन गोष्टी हमखास बिघडतात. एक, गाड्या आजूबाजूच्या गल्ल्यांत जाऊन उभ्या राहतात आणि रहिवासी चिडतात. आकारणी सुरू व्हायच्या आधीच स्थानिक प्रशासनाशी बोलून तिथे रहिवाशांसाठी राखीव किंवा वेळेची मर्यादा असलेले पार्किंग करून घ्या. दोन, वरिष्ठांना दाराशी फुकट जागा मिळते. ती दिसली की बाकीच्यांना नियम पटत नाही. दारालगतच्या जागा अपंगांसाठी आणि कारपूलसाठी ठेवा.

शटलचे गणित सोपे आहे. स्थानकापर्यंत जाऊन-येऊन 40 मिनिटे, दोन्ही टोकांना पाच-पाच मिनिटे थांबा, म्हणजे एक फेरी 50 मिनिटांची. दर दहा मिनिटांनी गाडी हवी असेल तर पाच वाहने लागतात. तीस आसनी वाहनांतून एका दिशेने तासाला 180 जण येतील. वाहने दोनच असतील तर अंतर 25 मिनिटांवर जाते, आणि एक फेरी चुकलेला माणूस दुसऱ्या दिवशी गाडी काढतो. त्यापेक्षा मार्ग छोटा करा, पण फेऱ्या कमी करू नका. चार वस्त्यांतून फिरवत आणलेले शटल कुणाच्याच कामाचे नसते. वेळापत्रक ट्रेनच्या वेळेवर बसवा, उतरून चालायला पाच-सात मिनिटे धरून. शेवटची फेरी शेवटची शिफ्ट सुटल्यावर निदान अर्ध्या तासाने निघावी.

थांबा इमारतीच्या दाराशी हवा. पार्किंगच्या पल्याड, फाटकाबाहेर बस सोडली तर उन्हापावसात पाचशे मीटर चालावे लागते, म्हणजे सहा-सात मिनिटे. कुंपणाला वस्तीच्या बाजूने पायी येणाऱ्यांसाठी छोटी फाटके ठेवा. एकाच मुख्य फाटकाचा वळसा कधीकधी किलोमीटरभर लांब पडतो. सुरक्षा विभाग आक्षेप घेईल, तर तिथे ओळखपत्राने उघडणारे दार बसवा. वाटेवर सलग दिवे हवेत.

सायकलसाठी उलट्या ‘यू’ आकाराचे पाइप जमिनीत पक्के करा, दोन पाइपांत एक मीटर अंतर ठेवून. एका पाइपाला दोन सायकली लावता येतात. फक्त पुढचे चाक अडकवायचे स्टँड घेऊ नका: चाक वाकते आणि सांगाड्याला कुलूप लागत नाही. वर छप्पर, जवळ अंघोळीची सोय आणि कपड्यांचे कपाट असेल तरच घाम येणाऱ्या दिवसांत लोक सायकल आणतील.

कारपूलच्या जोड्या लावताना घरे दोन-तीन किलोमीटरच्या आत आणि सुटण्याच्या वेळा पंधरा मिनिटांच्या आत पाहा. जोड्या मोडतात त्या बहुतेक संध्याकाळी, एकाला थांबावे लागते म्हणून. यावर उपाय म्हणजे अचानक उशीर झाला किंवा घरी काही अडचण आली, तर संकुलाच्या खर्चाने टॅक्सी. वर्षाला चार वेळा अशी मर्यादा घाला. ही सोय फार वापरली जात नाही, पण ती आहे या भरवशावरच लोक गाडी घरी ठेवतात.

दुपारच्या कामांचाही विचार करा. जेवण, औषधे, बँक, कुरिअर जवळ नसेल तर त्या तासाभरासाठी लोक सकाळी गाडी आणतात. तळमजल्यावरचे काही गाळे यासाठी राखून ठेवा.

मोजणी दर तीन महिन्यांनी, मंगळवार ते गुरुवारपैकी एका दिवशी, सुट्ट्यांचा आठवडा टाळून करा. फाटकावर आत येणाऱ्या गाड्या आणि प्रत्येकीतली माणसे मोजा. शटल, सायकली आणि पायी येणारे वेगळे. रिकाम्या पार्किंगच्या जागा मोजून भागत नाही, कारण बाहेर लावलेल्या गाड्या त्यात येत नाहीत. आकडा वाढला तर आधी त्या गाळेधारकाकडे जा ज्याची शिफ्ट बदलली आहे. बहुतेक वेळा त्याच्या नव्या वेळेला शटलच नसते.