मोरीच्या सिंकचा जुना नळ बदलताना

आधी पाणी बंद करा. सिंकखाली कॉक असेल तर तो, नाहीतर मेन कॉक, आणि मग नळ उघडून पाईपमधलं उरलेलं पाणी जाऊ द्या, खाली बादली ठेवायला विसरू नका.

खरी मारामारी असते ती सिंकखालच्या नटाशी. वर्षानुवर्षं ओल लागून तो क्षार आणि गंजाने असा चिकटलेला असतो की पाना नुसता घसरत राहतो, तेव्हा जोर लावून पाईप पिळवटण्यापेक्षा गंज सोडवणारा स्प्रे मारा, पंधरा-वीस मिनिटं थांबा आणि मग दुसऱ्या हाताने नळ वरून घट्ट धरून नट फिरवा. मी पहिल्यांदा घाई केली आणि नटाचे कोपरेच गोल झाले, मग करवतीने कापत बसलो तासभर.

नळ निघाला की खालची जागा घासून साफ करा, जुना वॉशर चिकटलेला असतो तो खरवडून काढा. नवीन नळ बसवून नट आवळा. आट्यांवर टेफ्लॉन टेप लावायची असेल तर आटे आपल्याकडे करून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने ४-५ वेढे द्या, उलटी गुंडाळली तर नट फिरवताना सगळी गोळा होते. लवचिक पाईपच्या टोकाला रबरी वॉशर असेल तर तिथे टेप नकोच. हाताने घट्ट, वर पान्याने थोडंसं, बास.

कॉक हळू उघडा, नळाची जाळी काढून मिनिटभर पाणी सोडा, कचरा निघून जातो. सांध्यांवर कोरडा टिशू फिरवून बघा, बारीक गळती लगेच कळते.