मॉर्गन डॉलर घेताना काटा आणि भिंग जवळ ठेवा

अमेरिकेचे जुने चांदीचे डॉलर जमवायचे तर मॉर्गन डॉलरपासून सुरुवात करा. ते १८७८ ते १९०४ आणि पुन्हा १९२१ मध्ये पाडले गेले; १९२१ची नाणी चिकार मिळतात.

नाणं आधी काट्यावर ठेवा: वजन २६.७३ ग्रॅम, व्यास ३८.१ मिमी. झिजलेलं जरा हलकं भरेल, पण दोन-तीन ग्रॅमची तूट दिसली तर घेऊ नका. चुंबकाला चिकटलं तर प्रश्नच मिटला, नाणं खोटं. न चिकटणं हा मात्र पुरावा नाही, पितळही चिकटत नाही.

मग मागची बाजू भिंगाखाली धरा. गरुडाखालच्या माळेच्या गाठीखाली टांकसाळीचं अक्षर असतं. फिलाडेल्फियाच्या नाण्यावर नसतं. १८९३ची सॅन फ्रान्सिस्कोची नाणी जेमतेम एक लाख निघाली, म्हणून त्या सालच्या फिलाडेल्फियाच्या नाण्यावर ‘एस’ चिकटवून विकणारे आहेत. अक्षराच्या बुडाशी बारीक सांधा किंवा भोवती खरवडल्याच्या खुणा दिसल्या की सोडून द्या. इतकं महाग नाणं तपासणी संस्थेच्या सीलबंद डबीतच घ्यावं.

चिंच, रांगोळी, टूथपेस्ट लावून घासू नका. मूळ झळाळी जाते आणि किंमतही पडते. पीव्हीसीच्या मऊ पाकिटात नाण्यावर हिरवट चिकट थर धरतो, म्हणून मायलारची (पॉलिएस्टरच्या पारदर्शक प्लास्टिकची) पाकिटं वापरा.