नकाशावर सही होण्याआधी: नव्या रुग्णालयाच्या जागावाटपाची तयारी

आपल्या नव्या 50 खाटांच्या रुग्णालयाचा नकाशा पुढच्या बैठकीत येतोय. इंजिनिअर विचारतील, "सिस्टर, काय काय हवं?" आणि घाईघाईत खोल्यांची नावं सांगून आपण मोकळ्या होऊ. मी एकदा तसंच केलं होतं. त्या इमारतीत लेबर रूम एका टोकाला आणि ऑपरेशन थिएटर उघड्या अंगणापलीकडे निघालं. जुलैच्या रात्री सिझरच्या बाईला नेताना आम्ही तिघी-चौघी ट्रॉलीवर प्लास्टिकचा कागद ताणून धरायचो. एकीच्या हातात सलाईन उंच, आणि ट्रॉलीची चाकं फरशीच्या सांध्यात अडकलेली. म्हणून या वेळी बैठकीला जाण्याआधी एवढं करून ठेवा.

जुन्या रुग्णालयात वही घेऊन केसपेपरच्या खिडकीजवळ चार दिवस उभ्या राहा. पहिल्या एसटीने किती माणसं उतरतात, साडेनऊला रांग कुठवर जाते, एका पेशंटसोबत किती नातेवाईक येतात, ते लिहा. रजिस्टरमधून जुलै आणि मे हे दोन महिने वेगळे काढा. जुलैत ताप, लेप्टो (साचलेल्या पाण्यातून होणारा तापाचा आजार), सर्पदंश. मेमध्ये मुंबईहून आलेले चाकरमानी आणि त्यांची म्हातारी माणसं. बसायची जागा या आकड्यांवरून मागा. पावसाची झड आपल्याकडे कोकणात नैर्ऋत्येकडून येते, तेव्हा त्या अंगाला खिडकी नको, खोल पडवी हवी. ओल्या छत्र्या ठेवायची जागाही तिथेच.

पाणी कुठवर चढतं ते गावातल्या जुन्या माणसांना विचारा. 2005 च्या जुलैत आणि 22 जुलै 2021 ला चिपळूण-महाडकडे काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. जनरेटर, विजेचं पॅनल, ऑक्सिजन, औषधांचं स्टोअर आणि रक्त साठवणुकीची खोली त्या खुणेच्या वर असायलाच हवी, यात तडजोड नको. जोतं उंच केलं की रॅम्प लांबतो: 1:12 चा उतार धरला तर एक मीटर चढायला बारा मीटर लांबी लागते. ती जागा आत्ताच मागा, नाहीतर पुढे घसरगुंडीसारखा रॅम्प पदरी पडतो.

मग खोल्या एकमेकींना कशा जोडायच्या ते ठरवायला पेशंटचा रस्ता काढा. फुरसं चावलेला शेतकरी घ्या. तो रिक्षातून उतरला की थेट आपत्कालीन खोलीत यावा, केसपेपर नंतर. सर्पविषावरची लस ठेवलेला फ्रिज त्याच खोलीत हवा. फुरशाच्या विषाने रक्त गोठेनासं होतं. ते तपासायला कोऱ्या, कोरड्या काचेच्या नळीत दोन मिली रक्त वीस मिनिटं अजिबात न हलवता ठेवावं लागतं. तेवढ्यासाठी कुणाचा धक्का लागणार नाही असं एक फळकूट भिंतीला हवं, समोर घड्याळ हवं. ट्रॉलीवर टेकवलेली नळी कुणीतरी उचलून पाहतं आणि पुन्हा पहिल्यापासून वीस मिनिटं थांबावं लागतं. ही गोष्ट नकाशात दिसणार नाही, तुम्हीच सांगायची. असाच रस्ता बाळंतिणीचा काढा: लेबर रूम, थिएटर, नवजात कक्ष, एका छपराखाली आणि एका पातळीवर.

कॉरिडॉर 2.4 मीटर रुंद लिहिलेला असेल, पण नंतर तिथे बाकडी आणि कपाटं येतात. शाळेच्या मैदानावर फक्कीने रेषा मारा, खरी ट्रॉली आणा, दोन ट्रॉल्या समोरासमोर नेऊन पाहा आणि वळणावर फिरवा.

एक्स-रेच्या खोलीचा आराखडा भिंती उठण्याआधी अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांशी ताडून घ्या. सोनोग्राफीची नोंदणी जागेला बांधलेली असते, तेव्हा ती खोलीही पक्की ठरवा. खोकल्याच्या पेशंटची बसायची जागा वेगळी, दोन्ही बाजूंनी वारा खेळणारी.

पैसे कमी पडले की कात्री पहिल्यांदा लागते ती बेडपॅन धुण्याच्या खोलीला. ती वॉर्डाला लागून हवी, नाहीतर भरलेलं भांडं जेवणाच्या वेळी कॉरिडॉरमधून न्यावं लागतं. चादरी वाळवायला छप्पर असलेली जागा मागा. ऑगस्टमध्ये ओल्या चादरींचा कुबट वास मी अजून विसरलेली नाही. जैववैद्यकीय कचरा 48 तासांहून जास्त ठेवता येत नाही, पण दरड कोसळून रस्ता बंद झाला तर गाडी येत नाही. ती खोली ऐसपैस, कुलूपबंद आणि बाहेरून दार असलेली हवी. शेवटची एसटी गेलेल्या नातेवाइकांना रात्री झोपायला आणि पेज गरम करायला जागा नसेल तर ते वॉर्डाच्या दारातच झोपणार, आणि तो त्यांचा दोष नव्हे.

पाण्याचा हिशोब सोबत न्या. 100 खाटांपर्यंत दर खाटेमागे दिवसाला 340 लिटर धरतात, म्हणजे आपल्याला 17,000 लिटर. डायलिसिस सुरू करायचं असेल तर एका पेशंटच्या चार तासांच्या पाळीला मिनिटाला 500 मिलीने 120 लिटर शुद्ध पाणी लागतं, आणि आरओमध्ये वाया जातं ते वेगळं. मेमध्ये विहीर तळाला गेलेली असते. टाकीला, आणि टँकर टाकीपर्यंत पोहोचायला, जागा दाखवून घ्या.

बैठकीला रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर, सफाईच्या मावशी आणि एखादी आशाताई यांना घेऊन जा. सांगितलेलं प्रत्येक काम नकाशावर मापासकट लाल शाईने लिहून घ्या आणि त्याची प्रत मागा. ठेकेदार कागदावरचं बांधतो, बैठकीत बोललेलं नाही.