कंटेनर काढला तरी डेटाबेस टिकावा यासाठी

आपल्या मशीनवर डॉकरमध्ये (प्रोग्रामला ‘कंटेनर’ नावाच्या वेगळ्या कप्प्यात चालवणारे साधन) चालणारा डेटाबेस नुसता थांबवून पुन्हा सुरू केला, तर डेटा कुठेही जात नाही. तो हातातून जातो तो कंटेनरच काढून टाकला की, आणि ‘डॉकर कंपोज डाउन’ ही कमांड नेमके तेच करते. म्हणून डेटा कंटेनरच्या बाहेर, नाव दिलेल्या व्हॉल्यूममध्ये, म्हणजे डॉकर कंटेनरपासून वेगळी सांभाळते त्या साठवणीच्या जागेत ठेवावा.

कंपोज फाइलमध्ये (कोणते कंटेनर कसे चालवायचे हे जिथे लिहिलेले असते ती फाइल) सर्वांत बाहेरच्या पातळीवर ‘व्हॉल्यूम्स’ या विभागात ‘पीजीडेटा’ असे एखादे नाव नोंदवावे. मग डेटाबेसच्या सर्व्हिसखाली, म्हणजे त्याच फाइलमधील त्याच्या कंटेनरच्या नोंदीखाली, तेच नाव, कोलन आणि कंटेनरमधील डेटा डिरेक्टरीचा पाथ, अशी एक ओळ लिहावी. सगळी मेख या पाथमध्ये आहे. मायएसक्यूएलसाठी तो ‘/व्हार/लिब/मायएसक्यूएल’ असतो, तर पोस्टग्रेसच्या १७ पर्यंतच्या अधिकृत इमेजसाठी (इमेज म्हणजे ज्यावरून कंटेनर तयार होतो तो साचा) ‘/व्हार/लिब/पोस्टग्रेएसक्यूएल/डेटा’. १८ पासून मात्र शेवटचा ‘/डेटा’ गाळावा लागतो. जुन्या आवृत्तीत तो गाळला, तर एरर न येता डेटा एका निनावी व्हॉल्यूममध्ये साठत राहतो आणि पुढच्या ‘डाउन’नंतर डेटाबेस रिकामा दिसतो. त्यामुळे आधीच खात्री करून घ्यावी: एक लहानसे टेबल करून त्यात एक रो भरावी, ‘डाउन’ आणि ‘अप’ करावे, आणि ती रो अजून आहे का ते पाहावे.

‘डाउन’ला ‘-व्ही’ जोडल्यास नाव दिलेले व्हॉल्यूमही पुसले जातात, हे टीममधील प्रत्येकाला ठाऊक असायलाच हवे. प्रोजेक्टच्या फोल्डरचे नाव बदलल्यावरही डेटा गेल्यासारखा वाटतो. वास्तविक कंपोज व्हॉल्यूमच्या नावाआधी प्रोजेक्टचे नाव लावते, त्यामुळे नवा व्हॉल्यूम तयार होतो आणि जुना जागच्या जागी असतो. ‘डॉकर व्हॉल्यूम एलएस’ चालवल्यास तो सापडतो.

डेटा टिकू लागला की एक नवी अडचण येते, आणि माझाही तिच्यात बराच वेळ गेला आहे. कंपोज फाइलमध्ये पोस्टग्रेसचा पासवर्ड बदलला, कंटेनर नव्याने उभा केला, तरी लॉगिन जुन्याच पासवर्डने होत होते. तो पासवर्ड आणि सुरुवातीच्या एसक्यूएल स्क्रिप्ट, दोन्ही डेटा डिरेक्टरी रिकामी असतानाच वापरल्या जातात. नंतर पासवर्ड बदलायचा असेल, तर तो डेटाबेसमध्ये ‘ऑल्टर रोल’ने बदलावा.

इमेजला ‘लेटेस्ट’ हा टॅग न देता ठरावीक आवृत्ती लिहावी, कारण पोस्टग्रेस १६ ची डेटा डिरेक्टरी १७ चा सर्व्हर उघडत नाही. आवृत्ती बदलण्यापूर्वी जुना सर्व्हर चालू असतानाच ‘पीजी_डंप’ने डंप (डेटाबेसमधील डेटाची प्रत) काढून व्हॉल्यूमबाहेर ठेवावा.