जुना फ्रिज दुरुस्त करावा की बदलावा?

आमच्या इंदिरानगरच्या घरातला दोन दारांचा फ्रिज २००९ साली घेतलेला होता आणि सोळाव्या वर्षी, ऐन एप्रिलमध्ये, त्याचे गार करणे मंदावले. मेकॅनिकने गॅस भरून दिला, पाच महिन्यांनी फ्रिज पुन्हा तसाच झाला आणि पुन्हा गॅस भरला गेला. दोन्ही वेळचे पैसे वाया गेले, याचे कारण मला नंतर समजले आणि तेव्हापासून कोणतेही जुने यंत्र बदलण्याचा विचार मी एका ठरावीक क्रमाने करू लागलो. तो क्रम येथे देत आहे.

सर्वप्रथम बिघाड नेमका कोणत्या भागात आहे, हे मेकॅनिककडून स्पष्ट शब्दांत विचारून घ्यावे, कारण वय आणि बिघाड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दाराचे रबर सैल होणे, थर्मोस्टॅट, रिले किंवा पंखा जाणे ही किरकोळ दुखणी होत आणि पंधरा वर्षांच्या फ्रिजमध्येसुद्धा ती दुरुस्त करून घ्यावीत. रबराची परीक्षा घरीच होते: कागदाची एक पट्टी दारात धरून दार लावावे आणि पट्टी ओढावी. ती सहज निसटली, तर त्या जागेतून गार हवा बाहेर जात आहे असे समजावे. वरपासून खालपर्यंत चारही बाजूंना ही पट्टी फिरवून पाहावी. बिजागरीच्या बाजूचा खालचा कोपरा बहुतेक जण तपासतच नाहीत. फ्रिज भिंतीला चिकटून उभा असेल किंवा मागच्या जाळीवर धूळ साचली असेल, तर उन्हाळ्यात कॉम्प्रेसर विनाकारण तापतो. म्हणून मेकॅनिकला बोलावण्यापूर्वी तो थोडा पुढे ओढावा आणि जाळी झाडून घ्यावी.

गॅसची गोष्ट मात्र निराळी आहे. फ्रिजमधील गॅस बंद नळ्यांतून फिरतो आणि गाडीतल्या पेट्रोलसारखा संपत नाही. तो कमी झाला याचा अर्थ कोठे तरी गळती आहे. त्यामुळे गळती न शोधता नुसता गॅस भरणे म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणे होय. नळ्यांत नायट्रोजनचा दाब देऊन आणि साबणाचा फेस लावून गळती शोधली का, शोधल्यावर तेथे डाग दिला का, फिल्टर बदलला का आणि गॅस भरण्याआधी नळ्यांतील हवा व ओलावा पंपाने काढला का, एवढे प्रश्न पैसे ठरवण्यापूर्वी विचारावेत. गळती उघड्या नळीवर असेल, तर काम होते. ती फ्रिजच्या भिंतीत, फोमच्या आत दडलेल्या नळीत असेल, तर माझ्या मते तेथेच दुरुस्तीचा विचार सोडावा. आमच्या फ्रिजची गळती अशीच आत होती आणि हे पहिल्याच भेटीत कळायला हवे होते.

त्यानंतर विजेचा हिशेब करावा. दुरुस्तीचा खर्च नव्या यंत्राच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक झाला, तर नवे घ्यावे, असा एक ठोकताळा सांगितला जातो. परंतु चोवीस तास चालणाऱ्या फ्रिजला तो पुरत नाही, कारण त्यात रोज जळणारे युनिट धरलेलेच नसतात. प्लगमध्ये लावायचे छोटे वीजमापक मिळते, ते एक पूर्ण दिवस लावून आकडा लिहून ठेवावा. ते नसेल, तर घरातील सर्व जण वणीच्या गडावर किंवा गावी मुक्कामाला जाताना फ्रिज वगळता बाकी सर्व बटणे बंद करावीत आणि महावितरणच्या मीटरवरील आकडा जाताना व आल्यावर टिपावा. रिकाम्या घरात दार उघडले जात नसल्याने हा आकडा थोडा कमीच येतो, हे ध्यानात ठेवावे.

आमचा फ्रिज दिवसाला २.४ युनिट, म्हणजे वर्षाला सुमारे ८७५ युनिट घेत होता. आम्ही पाहिलेल्या नव्या फ्रिजच्या लेबलवर वर्षाला १९८ युनिट लिहिले होते. ते प्रयोगशाळेतील मोजमाप असल्याने मी मोकळ्या हाताने २५० धरले. बचत सुमारे ६२५ युनिटची झाली. आता दर कोणता धरावा? येथे बहुतेकांची चूक होते. घरगुती बिलात ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० असे टप्पे असतात आणि वापर वाढेल तसा दर चढतो. वाचलेले युनिट तुमच्या वापराच्या सर्वांत वरच्या, म्हणजे सर्वांत महाग टप्प्यातून कमी होतात. त्यामुळे बिलाची सरासरी न काढता त्या वरच्या टप्प्याचा दर घ्यावा आणि त्यात वहन आकार व वीज शुल्क मिळवावे. स्थिर आकार सोडून द्यावा, कारण तो कमी होत नाही. समजा हा दर १२ रुपये आला, तर वर्षाला साडेसात हजार वाचतात आणि २६ हजारांचा फ्रिज साधारण साडेतीन वर्षांत स्वतःची किंमत फेडतो. हेच गणित सहा-सात वर्षांच्या, मुळातच कमी वीज घेणाऱ्या फ्रिजला लावले, तर दुरुस्तीच योग्य ठरण्याची शक्यता अधिक असते. लेबल पाहताना केवळ तारे मोजू नयेत, कारण ताऱ्यांचे निकष वेळोवेळी कडक होतात आणि दहा वर्षांपूर्वीचे पाच तारे आजच्या पाच ताऱ्यांइतके नसतात. वार्षिक युनिटचा आकडा आणि लेबलवरील वर्ष पाहावे.

गीझरला हे गणित लागू पडत नाही. दोन किलोवॅटचे कॉइल जुने असो वा नवे, घेतलेल्या विजेची उष्णताच करते. फरक पडतो तो फक्त टाकीच्या आवरणातून वाया जाणाऱ्या उष्णतेचा. म्हणून कॉइल किंवा थर्मोस्टॅट गेला, तर तो बदलावा. बोअरच्या जड पाण्याने आत क्षार साचले असतील, तर ते काढून घ्यावेत आणि त्याच वेळी टाकीचे गंजापासून रक्षण करणारी मॅग्नेशियमची कांडी झिजली आहे का, हे पाहण्यास सांगावे. टाकीच गळू लागली, तर मात्र नवा गीझर घ्यावा. पाण्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर कसलाही हिशेब न करता ताबडतोब एमसीबी (वीजपेटीतील सुरक्षा-स्विच) पाडावा आणि अर्थिंग तपासल्याशिवाय तो गीझर पुन्हा लावू नये.

थंड पाण्यात धुणाऱ्या वॉशिंग मशीनमध्येही विजेची बचत नगण्य असते. बेल्ट किंवा पाणी काढणारा पंप जरूर बदलावा. बेअरिंग घरघरू लागले आणि ड्रम उघडता न येणारा, सीलबंद असल्याने पूर्ण संच बदलावा लागणार असेल, तरच नव्याचा विचार करावा. मिक्सरचे कार्बन आणि कपलर स्वस्तात बदलून मिळतात. छताचा पंखा मंदावला, तर आधी कॅपॅसिटर बदलून पाहावा. मात्र दिवसाचे बारा तास फिरणाऱ्या ७५ वॅटच्या पंख्याच्या जागी ३० वॅटचा बीएलडीसी (कमी वीज घेणाऱ्या मोटरचा) पंखा घेणे परवडते, कारण रोज अर्ध्या युनिटहून अधिक वीज वाचते.

हा निर्णय शक्यतो यंत्र बंद पडण्याआधी घ्यावा. मे महिन्यात दूध नासू लागले की माणूस दुकानात जे उभे असेल ते उचलतो. हिशेब दिवाळीनंतरच्या थंडीत करून ठेवला, तर गुढीपाडव्याच्या खरेदीला पुरेसा वेळ मिळतो.

जुना फ्रिज 'असू दे पाहुण्यांसाठी' म्हणून गॅलरीत चालू ठेवू नये, त्याने सगळी बचत पुसली जाते. भंगारात देताना नळ्या तोडून गॅस हवेत सोडला जातो आणि फ्रिजमध्ये आर-६००ए नावाचा गॅस असेल, तर तो ज्वलनशील असतो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार जुन्या उपकरणांच्या पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी उत्पादकांवर आहे, त्यामुळे नवा फ्रिज घेतानाच जुना अधिकृत संकलनाकडे जाणार का, हे दुकानदाराला विचारावे. तो नेईपर्यंत फ्रिज अंगणात किंवा जिन्याखाली राहणार असेल, तर दार काढून ठेवावे, म्हणजे खेळताना एखादे मूल आत अडकणार नाही. नवा फ्रिज आल्यावर आठवड्याने तेच मापक पुन्हा एक दिवस लावावे आणि आकडा जुन्या आकड्याखाली लिहावा. आमच्या वहीत २.४ च्या खाली ०.७ आहे.